सुरी पाणी पिते तेव्हा…

मराठीत ‘पाणी’ हा जाम बिलंदर शब्द आहे. कुणाचे डोळे पाणीदार असतात, कुणी कुणाचं पाणी जोखतं, कुणी वेळ आली की आपलं पाणी दाखवतं. लोहाराकडे मात्र हाच शब्द अगदी टेक्निकल होतो. विळ्याला, कोयत्याला, कुऱ्हाडीला तो ‘पाणी देतो’ किंवा ‘पाणी पाजतो’. म्हणजे पातं लालभडक तापवून पटकन थंड करतो. हे पाणी न प्यायलेलं पातं दिसायला कितीही देखणं असो, त्याची धार दोन कांद्यांत बसते. तुमच्या-आमच्या इंग्रजाळलेल्या भाषेत याला हीट ट्रीटमेंट म्हणतात.

आता हिंजवडीत दिवसभर एक्सेल शीटमध्ये डोकं खुपसून बसणाऱ्या मुलीला याच्याशी काय देणंघेणं? तर सांगते. कुणी वीकेण्डला पॉटरी करतं, कुणी साल्सा शिकतं, कुणी राजगडावर जाऊन फोटो टाकतं. मी गेले चार महिने दर रविवारी एका मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये कानस घासत होते. सुरी बनवत होते. साडेसात इंचांचं पातं, भाजी चिरायची, एकदम घरगुती.

गिऱ्हाईक ठरलेलं होतं. आई. तिचं अख्खं आयुष्य विळीवर गेलंय. दुधी असो की सुरण, एका पायाने विळी दाबून ती बोलता बोलता ढीग पाडायची. मग गुडघ्यांनी संप पुकारला, डॉक्टरांनी जमिनीवर बसणं बंद केलं आणि ती ओट्यापाशी उभी राहून सुरीने चिरायला लागली. तेव्हापासून घरात एक रेकॉर्ड सतत वाजतेय, “हिला धारच नाही गं!” नवी सुरी आणली की आठ दिवस शांतता, नवव्या दिवशी पुन्हा तेच. त्यामुळे माझ्या सुरीपुढचं चॅलेंज साधं होतं. दिसायला भारी नसली तरी चालेल, धार टिकली पाहिजे. आणि धार टिकते ती पाण्यामुळे. म्हणजे चार महिन्यांच्या घासाघाशीचं जे काही व्हायचं ते एका दुपारी ठरणार होतं.

आतली गर्दी

सुरीचं पोलाद आपण पट्टीच्या रूपात विकत आणतो तेव्हा ते मुद्दाम मऊ केलेलं असतं. नाहीतर त्याला कानस लागणारच नाही. माझी पट्टी होती ‘ओएचएनएस’ची, ३ मिलिमीटर जाड. ऑइल हार्डनिंग नॉन-श्रिंकिंग. नाव भारदस्त आहे, पण कुठल्याही टूलरूममध्ये हे पोलाद घरच्यासारखं असतं. पत्रा कापायचे पंच आणि डाय याचेच करतात. यात साधारण ०.९ टक्के कार्बन असतो. तुमच्या खिडकीच्या ग्रिलच्या लोखंडात तो जेमतेम ०.२ टक्के, म्हणून ग्रिलचा तुकडा कितीही तापवा नि बुडवा, त्याची सुरी होत नाही. कार्बन हा इथला हीरो आहे.

होतं काय, की एरवी लोखंडाच्या स्फटिकांमध्ये कार्बनला जवळजवळ जागाच नसते. तो बापडा वेगळे कण करून बाजूला बसतो. पण तापमान ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं, की स्फटिकांची रचना बदलते आणि कार्बन आत शिरायला लागतो. विरार लोकल प्लॅटफॉर्मला लागल्यावर लोक शिरतात तसा. आता हळूहळू थंड केलंत तर तो तितक्याच शिस्तीत खाली उतरतो आणि पोलाद पुन्हा मऊ. पण झटकन थंड केलंत, तर दारं धाडकन बंद! उतरायला वेळच नाही. आतले लोक चेपलेले, डबा ताणलेला. या चेपाचेपीने पोलाद भयंकर कडक होतं. त्या अवस्थेचं नाव मार्टेन्साइट, अडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुतज्ज्ञाच्या नावावरून.

गोची अशी, की इतकं ताणलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळही असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून लगेच दुसरी पायरी, टेम्परिंग. साधारण २०० अंशांना तास-दोन तास ठेवायचं. म्हणजे दारं किंचित उघडून चार-दोन लोकांना उतरू द्यायचं. कडकपणा थोडा कमी होतो, पण पातं शहाणं होतं. थोडक्यात काय, आधी कडक करायचं आणि मग थोडं समजुतीत घ्यायचं. दोन्हींचा हिशेब जमला तर सुरी, नाहीतर भंगार.

गॅरेजमध्ये की भोसरीत?

हे घरी करता येतं का? येतं. माझ्या एका मित्राने केलं. बार्बेक्यूच्या कोळशांवर हेअर ड्रायर लावला, पातं लाल केलं आणि बादलीभर पाण्यात घातलं. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. आवाज गोड होता, पण पात्याला धारेपासून अर्ध्यापर्यंत चीर गेली होती. या जातीच्या पोलादाला तेल लागतं, नावातच लिहिलंय. पाणी त्याला फार वेगाने थंड करतं आणि बारीक पातं तो धक्का सोसत नाही. ‘पाणी पाजणे’ हा शब्द दरवेळी शब्दशः घ्यायचा नसतो, हे आमच्या ग्रुपला त्या दिवशी समजलं.

तेल वापरलं असतं तरी कोळशावर दुसरी भानगड होतीच. ओएचएनएसला ८०० अंशांच्या आसपास नेऊन तिथेच काही मिनिटं स्थिर ठेवावं लागतं, म्हणजे कार्बन नीट विरघळतो. कोळशावर टोक नऊशेला आणि मागची बाजू सातशेला, असा प्रकार होतो. जास्त तापलं की आतले कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ बनतं. रंगावरून ओळखायचं म्हणाल, तर भर उन्हात लाल रंग फिका वाटतो आणि माणूस अजून अजून तापवत बसतो. जाणते लोहार भट्टी सावलीत ठेवतात ती उगाच नाही. लोहचुंबकाची एक युक्ती आहे. ७७० अंशांच्या वर लोखंडाला चुंबक चिकटत नाही. पण त्यातून तुम्ही त्या टप्प्याच्या पुढे आलात एवढंच कळतं, किती पुढे ते नाही.

मग रस्त्याकडेचा लोहार हे कसं जमवतो? कारण त्याचं काम वेगळं आणि नजर तयार. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तो कोयता करतो. त्या पोलादात कार्बन कमी, पातं जाडजूड आणि काम तोडायचं. फक्त धारेकडचा भाग बुडवून तो कोयता बाहेर काढतो, धार पटकन घासून चकचकीत करतो आणि बघत बसतो. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकते, तसा चकचकीत भागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा रंग चढत येतो. हवा तो रंग धारेला पोचला की पुन्हा बुडवायचं. हार्डनिंग आणि टेम्परिंग एकाच तापवण्यात! थर्मामीटर नाही, टायमर नाही. ही नजर कमवायला वर्षं लागतात आणि माझ्याकडे होते रविवार. तेव्हा मी सरळ भोसरीचा रस्ता धरला.

“ताई, हार्डनेस किती पाहिजे?”

भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांच्या पार्ट्सचे कारखाने आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला हीट ट्रीटमेंटची छोटी-मोठी युनिट्स. गिअर, शाफ्ट, डाय, सगळं इथे तापतं. मी फोन फिरवले. पहिल्या दोन ठिकाणी ‘एका पीससाठी भट्टी कोण लावणार मॅडम?’ असं उत्तर मिळालं. त्यांचंही बरोबर आहे, तिथे कामाचा हिशेब किलोवर असतो. तिसऱ्या ठिकाणचे काका म्हणाले, “गुरुवारी ओएचएनएसचा लॉट आहे पंचांचा. त्यात टाकू. पण मिनिमम चार्ज पडेल.” मी गुरुवारची सुट्टी टाकली. कारण काय सांगितलं ते विचारू नका.

काकांनी पातं हातात घेतलं आणि इंटरव्ह्यू सुरू झाला.

“ओएचएनएसच आहे कशावरून?”

मी दुकानाचं बिल काढलं आणि त्याच पट्टीचा कापलेला तुकडाही पुढे केला. काका खूश. “हे बेस्ट केलंत. आधी तुकडा टाकू, मग तुमचं पातं.”

“हार्डनेस किती पाहिजे?”

“साठच्या आसपास, काका.”

“पंचाला पण तेवढाच देतो आम्ही.” मग व्हर्नियर लावून त्यांनी धारेची जाडी मोजली. एक मिलिमीटर. “चांगलंय. लोक ब्लेडसारखी धार करून आणतात. तेलात गेली की तिची लाट होते आणि शिव्या आम्हाला.”

मुठीसाठीची भोकं आधीच पाडली आहेत ना, हे त्यांनी बघितलं, कारण नंतर साधं ड्रिल त्यात घुसणार नाही. मग अंगठा फिरला पातं आणि मूठ जिथे भेटतात त्या कोपऱ्यावर. मी तो गोल घासला होता. तिथे काटकोन ठेवला तर सगळा ताण त्याच जागी गोळा होतो आणि चीर तिथूनच जाते. शेवटी पात्यावर आडवे खोल ओरखडे नाहीत ना, हे उजेडात धरून तपासलं. आमच्या कंपनीत सहा जणांच्या पॅनेलने माझा इंटरव्ह्यू घेतला होता, पण इतके मुद्द्याचे प्रश्न कुणी विचारले नव्हते.

एवढ्यासाठी तरी हे काम डोळ्यांसमोर करून घ्यावं. कुरियरने पातं पाठवून परत मागवता येतं, पण मग हा अंगठा कुठे फिरतो ते दिसत नाही.

तेलातली काही सेकंदं

या युनिटमध्ये सॉल्ट बाथ होता. म्हणजे वितळलेल्या क्षारांचं कुंड. ८०० अंशांचा नारिंगी रस, पृष्ठभाग संथ. उघड्या भट्टीत गरम पोलादाला हवा लागते, वर खपली धरते आणि पृष्ठभागातला कार्बन उडून जातो. इथे हवा लागतच नाही. शिवाय पातं तारेने उभं टांगलेलं असल्यामुळे स्वतःच्या वजनाने वाकत नाही. मात्र यात ओली वस्तू गेली तर पाण्याची क्षणात वाफ होऊन तापलेला रस उसळतो. म्हणून प्रत्येक जॉब आधी दुसऱ्या भट्टीत तापवून पूर्ण कोरडा करतात. मला तर काकांनी पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर ठेवायला लावली.

आधी तुकडा गेला. तेलातून निघाला, थंड झाल्यावर काकांनी त्यावर कानस ओढली. कानस काचेवरून सरकावी तशी सरकली. पास! मग माझं पातं. आत गेलं आणि थोड्या वेळात कुंडाच्या रंगाचंच झालं. दिसेनासं झालं म्हणा ना. काका घड्याळाकडे बघत होते, मी काकांकडे. चार महिने, सोळा-सतरा रविवार, बोटांना पडलेले घट्टे, आणि या क्षणी मला करता येण्याजोगं काहीही नव्हतं. प्रॉडक्शनला कोड गेल्यावर पोटात जे होतं ना, तेच. फरक एवढाच, की इथे रोलबॅक नाही.

तार उचलली. नारिंगी पातं सरळ, उभं, एका दमात तेलात. फस्स आवाज, धूर. काका ते खाली-वर हलवत होते, डावी-उजवीकडे अजिबात नाही. बाजूला हलवलं तर एक गाल आधी थंड होतो आणि पातं तिकडे वाकतं.

मग एक गंमत झाली. पातं पूर्ण थंड व्हायच्या आत काकांनी ते बाहेर काढलं, जाड हातमोज्यात धरलं आणि ट्यूबलाइटकडे रोखून बघितलं. टोकाकडे केसभर बाक होता. त्यांनी दोन्ही हातांनी हलकासा दाब दिला, पुन्हा बघितलं, पुन्हा किंचित दाबलं. सरळ!

“आत्ता ऐकतंय ते,” काका म्हणाले. “अजून थोड्या वेळानं नाही ऐकणार.”

यामागचं सायन्स असं, की या पोलादात ती चेपाचेपीवाली अवस्था साधारण २०० अंशांच्या खाली आल्यावरच तयार व्हायला लागते. त्याच्या वर पातं अजून मऊ असतं. ही सवड अगदी थोडी. ती संपल्यावर सरळ करायला गेलात तर हातात दोन तुकडे. पुस्तकात हे वाचायला मिळतं. पण कधी बाहेर काढायचं आणि किती दाबायचं, हे त्या हातमोज्यांना माहीत होतं.

हात लावता येईल इतकं थंड झाल्यावर गरम पाण्याने क्षार धुतले आणि लगेच टेम्परिंगच्या भट्टीत, २०० अंश, दोन तास. ‘उद्या करू’ हा प्रकार इथे चालत नाही. ताणलेलं पातं रात्रभर नुसतं ठेवलं तर आपण होऊन चिरू शकतं. चहा झाला, वडापाव झाला. थंड करून दुसऱ्यांदा तेवढाच वेळ. मी निवांत बसून गिअर भट्टीत जाताना बघितले.

हिऱ्याने दिलेलं रेटिंग

शेवटी रॉकवेल मशीन. ह्यू रॉकवेल आणि स्टॅनली रॉकवेल या दोघा अमेरिकनांनी १९१४ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आडनाव एक, पण सख्खे नातेवाईक नाहीत. बॉल बेअरिंगच्या कारखान्यात कडकपणा झटपट मोजायचा होता, त्यातून हे यंत्र आलं. आयडिया सोपी आहे. १२० अंशांच्या कोनाचं हिऱ्याचं टोक १५० किलोच्या जोराने पोलादात दाबायचं आणि ते किती खोल गेलं ते मोजायचं. कमी खोल म्हणजे जास्त कडक. आम्ही ते मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर लावलं, कारण छोटासा खड्डा कायमचा राहतो. काटा थांबला ६० वर.

ऑफिसात दरवर्षी आपलं अप्रेझल होतं. पाचपैकी साडेतीन की चार, यावर मीटिंगा होतात, घासाघीस होते, बजेट आडवं येतं. इथे हिरा एकदा टेकला आणि विषय संपला. त्या साठच्या आकड्याने मला जे समाधान दिलं ते कुठल्याही ‘एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्स’ने आजवर दिलेलं नाही.

तुम्ही बनवणार असाल तर…

चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, पोलाद नाव-गाव माहीत असलेलंच घ्या. जुन्या बाजारातला पाटा स्वस्त पडतो, पण तो कशाचा आहे हे कळल्याशिवाय भट्टीवाला बिचारा तापमान ठरवणार कसं? दुसरी, धार एक मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, कोपरे गोल ठेवा, भोकं आधी पाडा. तिसरी, ग्रेड, जाडी आणि हवा असलेला हार्डनेस कागदावर लिहून द्या. चिठ्ठी दिसली की समोरच्याचा तुमच्याकडे बघायचा सूर बदलतो.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. परत आल्यावर काम संपत नाही. एक मिलिमीटरची धार अजून पातळ करायची असते. ते करताना हातमोजे काढा आणि पाण्याची बादली शेजारी ठेवा. बोटाला चटका बसायच्या आत पातं पाण्यात बुडवायचं. ग्राइंडरवर घाई केलीत आणि धारेवर निळी छटा आली, तर तिथे तापमान ३०० च्या घरात गेलं असं समजा. म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. कडकपणा गेला, आणि तो परत आणायला पुन्हा भोसरीच गाठावी लागते.

सुरी झाली. सागवानी मूठ लावली. आईने आधी नेहमीप्रमाणे नखावर धार टेकवून बघितली, मग टोमॅटो घेतला. ‘ठीक आहे’ म्हणाली. आमच्या घरात हे विशेषण फार कमी वस्तूंना मिळतं. त्याला दोन महिने झाले. ही सुरी स्टेनलेस नाही. चिंच-लिंबू लागलं की काळपट होते आणि ओली ठेवली तर गंजते. पण विळी सांभाळलेल्या बाईला हे कुणी शिकवायला लागत नाही. ती वापरून झाली की पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवते. ‘धारच नाही गं’ची रेकॉर्ड मात्र बंद आहे.

आपण दिवसभर जे दिसतं त्यावर मेहनत घेतो. स्लाइडचा रंग, रेझ्युमेचा फॉण्ट, सुरीची पॉलिश. पात्याचा आकार मी घासला, याचा मला अभिमान आहेच. पण ते धार धरतं ते आतल्या पाण्यामुळे, आणि ते पाणी भोसरीतल्या एका माणसाच्या हातचं आहे. तेव्हा पहिली सुरी बनवाल तेव्हा घासा मनसोक्त, पण पाणी पाजायला जाणता माणूस शोधा. आणि तो काम करत असेल तेव्हा मोबाइल खिशात ठेवून नीट बघा. चहा पाजायला विसरू नका!